नोंदणी नसलेली भागीदारी आणि भाडेकरूविरुद्धचा कब्जाचा दावा : एक आढावा

भागीदारीच्या मालकीच्या इमारतीत भाडेकरू असेल, त्याच्या भाडेपट्ट्याची मुदत संपली असेल किंवा भाडे कायद्याखाली जागा परत मागण्याचे कारण उत्पन्न झाले असेल, पण ती भागीदारी निबंधकाकडे नोंदलेलीच नसेल, तर तिच्या भागीदारांना कब्जासाठी दावा लावता येतो का, हा प्रश्न भारतीय न्यायालयांसमोर वारंवार येत राहिला आहे. तो येण्याचे कारण उघड आहे. मुंबईतील कित्येक चाळी, बाजारपेठांतील दुकानगाळे आणि जुन्या औद्योगिक वसाहतींमधील शेड दोनतीन भावांच्या किंवा नातेवाइकांच्या पेढ्यांनी घेतलेल्या असतात. भाडेपावतीवर वर्षानुवर्षे पेढीचे नाव छापलेले असते, खाली एका भागीदाराची सही असते, आणि पेढीची नोंदणी झालेली नाही हे घरच्या मंडळींनाही प्रतिवादीची कैफियत हाती पडेपर्यंत ठाऊक नसते. त्या कैफियतीतला पहिलाच आक्षेप बहुधा भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ चा असतो.

कलम ६९ च्या पोटकलम (२) चा आशय असा की, करारातून उत्पन्न होणारा हक्क बजावून घेण्यासाठी कोणत्याही भागीदारी संस्थेला, किंवा तिच्या वतीने कोणालाही, तिऱ्हाइताविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दावा लावता येणार नाही, जोपर्यंत ती संस्था नोंदलेली नसेल आणि दावा लावणाऱ्या व्यक्ती संस्था-नोंदवहीत भागीदार म्हणून दाखवलेल्या नसतील. पोटकलम (१) हाच प्रतिबंध भागीदारांच्या आपसांतील दाव्यांना लावते, तर पोटकलम (३) तो वजावटीच्या मागणीला आणि करारजन्य हक्क बजावण्याच्या इतर कार्यवाहींना लावून काही अपवाद सांगते. शंभर रुपयांपर्यंतच्या किरकोळ दाव्यांना पोटकलम (४) मध्ये सूट आहे. पण लघुवाद न्यायालयांच्या कक्षेतून वगळलेल्या प्रकारांना ती मिळत नाही आणि स्थावराच्या कब्जाचा दावा त्या वगळलेल्या प्रकारांत मोडतो, त्यामुळे प्रस्तुत विषयात या सुटीचा उपयोग नाही.

हा प्रतिबंध कशासाठी घातला गेला, हे पाहिल्याशिवाय त्याची मर्यादा ठरवता येत नाही. १९३२ पूर्वी भागीदारीचा कायदा भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या अकराव्या प्रकरणात होता आणि त्यात नोंदणीची तरतूद नव्हती. पेढीशी व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याला तिचे भागीदार नेमके कोण, हे सिद्ध करणे जड जाई. पैसे वसूल करण्याची वेळ आली की एखादा भागीदार आपला पेढीशी संबंधच नव्हता असे सांगून हात झटकू शके. इंग्लंडमध्ये १९१६ साली व्यवसायनामांच्या नोंदणीचा कायदा झाला होता आणि त्यात नोंदणी न करणाऱ्याला दंड होता. भारतीय अधिनियमाचा मसुदा तपासणाऱ्या विशेष समितीने, जिच्यात मुंबईचे विख्यात कायदेपंडित सर दिनशा मुल्ला होते, दंडाचा मार्ग टाळून नोंदणी ऐच्छिक ठेवली. परंतु नोंदणी न करणाऱ्या पेढीला करारजन्य हक्कांसाठी न्यायालयाचे दार बंद केले. अधिनियम १ ऑक्टोबर १९३२ रोजी अमलात आला, तर कलम ६९ बरोबर एक वर्षाने, १ ऑक्टोबर १९३३ पासून, म्हणजे पेढ्यांना नोंदणीसाठी पुरेसा अवधी देऊन. यावरून स्पष्ट होते की, कलमाचा रोख पेढीशी व्यापारी देवघेव करणाऱ्या तिऱ्हाइताच्या संरक्षणावर होता. नोंदणी न केल्याने पेढी बेकायदेशीर ठरत नाही, तिचे करार निरर्थक ठरत नाहीत आणि तिची मालमत्ताही तिच्या हातून जात नाही. फक्त एका विशिष्ट प्रकारच्या हक्कासाठी न्यायालयीन उपाय अडतो.

तो जिथे अडतो तिथे मात्र पूर्णपणे अडतो. १९७६ मध्ये सेठ लूणकरण सेठिया विरुद्ध इव्हान जॉन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६९ बंधनकारक असल्याचे आणि त्याचा भंग करून लावलेला दावा मुळातच निष्फळ असल्याचे सांगितले. १९८९ च्या श्रीराम फायनान्स कॉर्पोरेशन विरुद्ध यासीन खान या निर्णयात पेढी नोंदलेली होती, पण दावा दाखल झाला त्या दिवशीच्या काही भागीदारांची नावे नोंदवहीत चढलेली नव्हती. तेवढ्यानेही दावा टिकला नाही. दावा लावल्यानंतर नोंदणी करून दोष भरून काढता येतो का, या प्रश्नाला दिल्ली विकास प्राधिकरण विरुद्ध कोचर कन्स्ट्रक्शन वर्क या १९९८ च्या निर्णयाने नकारार्थी उत्तर दिले. नोंदणीसाठी नुसता अर्ज दिलेला असून भागत नाही, कारण निबंधकाने नोंदवहीत नोंद केल्यापासूनच नोंदणी परिणामकारक होते. या कठोर रेषेमुळेच ‘करारातून उत्पन्न होणारा हक्क’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न दाव्याचे भवितव्य ठरवणारा बनतो.

भाडेकरूच्या संदर्भात या प्रश्नाचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली रॅप्टाकोस ब्रेट आणि कंपनी विरुद्ध गणेश प्रॉपर्टी या प्रकरणात दिले. कलकत्ता उच्च न्यायालयाकडून आलेल्या या अपिलात जमीनमालक ही नोंदणी नसलेली भागीदारी होती, भाडेकरू ही कंपनी होती आणि ठरावीक मुदतीचा भाडेपट्टा संपल्यावर मालकाने कब्जा मागितला होता. भाडेकरूचा युक्तिवाद असा होता की, भाडेपट्टा हा करार आहे, मुदतीअखेर जागा परत देण्याची अटही त्याच करारात आहे, तेव्हा कब्जाची मागणी करारजन्य हक्काचीच मागणी ठरते. न्यायालयाने वादपत्र बारकाईने वाचले आणि त्यात दोन वेगळे आधार एकत्र गुंफलेले आढळले : एक भाडेपट्ट्यातील अटीचा आणि दुसरा कायद्याचा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १११ च्या खंड (ए) प्रमाणे मुदत संपताच पट्टा आपोआप संपुष्टात येतो आणि कलम १०८ च्या खंड (क्यू) प्रमाणे पट्टा संपुष्टात आल्यावर पट्टेदाराने मालकाला कब्जा दिला पाहिजे. हे दायित्व करारात काही लिहिलेले नसले तरी लागू असते, आणि म्हणून त्यावर उभी असलेली मागणी ही कायद्याने दिलेल्या हक्काची मागणी आहे, तिला कलम ६९(२) आड येत नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. करारातील अटीवर आधारलेल्या भागापुरता दावा प्रतिबंधित ठरला, पण कायद्याच्या हक्कावर आधारलेल्या भागावर कब्जाचा हुकूमनामा टिकला.

वादपत्रातल्या एकाच वाक्याची रचना बदलली तर काय घडते, हे येथे प्रत्यक्ष पाहण्याजोगे आहे. “भाडेपट्ट्यातील अटीनुसार प्रतिवादीने मुदतीअखेर जागा खाली करून देण्याचे कबूल केले असून त्याने ती कबुली पाळलेली नाही, म्हणून वादीस कब्जा मिळावा,” असे लिहिले तर मागणी करारावर उभी राहते आणि नोंदणी नसलेल्या पेढीसाठी ती तिथेच अडते. “वादी मिळकतीचे मालक असून प्रतिवादीचा पट्टा अमुक तारखेस मुदत संपून कायद्याने संपुष्टात आला आहे, त्यानंतर प्रतिवादीस कब्जात राहण्याचा कोणताही हक्क उरलेला नाही आणि कलम १०८ प्रमाणे कब्जा देणे त्याच्यावर बंधनकारक आहे,” असे लिहिले तर मागणी मालकी आणि कायदा यांवर उभी राहते. दोन्ही वाक्यांत भाडेपट्ट्याचा उल्लेख आहे आणि दोन्हींत मागणी एकच आहे. फरक हक्काच्या उगमाचा आहे. वादपत्र लिहिणाऱ्या वकिलाने सवयीने दोन्ही आधार घातले तरी रॅप्टाकोसनुसार संपूर्ण दावा कोसळत नाही. पण नोंदणी नाही हे आधी ठाऊक असेल, तर अटीचा आधार वगळण्यातच शहाणपण आहे, कारण प्रतिवादीला वादाची जागा आपण होऊन का द्यावी?

या निर्णयावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो सहज झटकून टाकता येणार नाही. भाडेकरू हा भाडेकरू झाला तो करारानेच. पट्टा नसता तर कलम १११ ला संपवायला काही नसते आणि कलम १०८ ला लागू व्हायला कोणी नसते. मग कब्जाचा हक्क करारातून उत्पन्न होत नाही असे कसे म्हणता येईल? या आक्षेपाला अधिक समाधानकारक उत्तर २००० सालच्या हल्दीराम भुजियावाला विरुद्ध आनंद कुमार दीपक कुमार या निर्णयात सापडते, जरी तो वाद भाड्याचा नसून व्यापारचिन्हाचा होता. तेथे न्यायालयाने कलमाचा पूर्वेतिहास, विशेष समितीचा अहवाल आणि इंग्लंडचा कायदा तपासून दोन कसोट्या मांडल्या. प्रतिबंध लागू होण्यासाठी पेढीने त्या तिऱ्हाइताशी आपल्या व्यवसायाच्या ओघात केलेला करार असला पाहिजे, आणि बजावायचा हक्क त्या करारातूनच निघालेला असला पाहिजे. कायद्याने दिलेला हक्क किंवा सामान्य विधीतून, म्हणजे न्यायालयीन परंपरेने घडवलेल्या तत्त्वांतून, येणारा हक्क बजावण्यास अडकाठी नाही. वादपत्रात एखाद्या जुन्या दस्तऐवजाचा उल्लेख निव्वळ इतिहास म्हणून आला असेल, तर तेवढ्याने दावा करारजन्य होत नाही, हेही त्या निर्णयात स्पष्ट केले आहे. ही शेवटची गोष्ट भाडेकरूच्या दाव्याला नेमकी लागू पडते. मुदत संपलेला पट्टा हा प्रतिवादी जागेत कसा आला हे सांगणारा इतिहास असतो. तो आता तिथे का राहू शकत नाही, याचे उत्तर मालकी आणि कायदा देतात. प्रस्तुत लेखाच्या मते रॅप्टाकोसचा निष्कर्ष योग्य आहे, पण त्याचे खरे बळ हल्दीरामच्या विवेचनातून कळते.

याच दिशेने पुढे २०२२ च्या जानेवारीत शिव डेव्हलपर्स विरुद्ध अक्षराय डेव्हलपर्स हा निर्णय आला. नोंदणी नसलेल्या पेढीने विक्रीखत निरर्थक ठरवून मागण्यासाठी आणि मनाई हुकुमासाठी लावलेले वादपत्र सुरुवातीलाच फेटाळावे, ही प्रतिवादीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केली; तो विक्रीचा व्यवहार पेढीच्या व्यवसायाच्या ओघातला नव्हता आणि मागितलेले हक्क कायद्यातून येणारे होते, हे त्यामागचे कारण. भाडेकरूच्या बाबतीत या निर्णयाचा आधार घेताना मात्र सावध राहिले पाहिजे. कापडाचा व्यापार करणाऱ्या पेढीने आपल्या इमारतीचा रिकामा मजला भाड्याने दिला असेल, तर ते भाड्याने देणे व्यवसायाच्या ओघातले नव्हते असे म्हणता येईल. पण जिचा व्यवसायच गाळे बांधून भाड्याने देण्याचा आहे, तिला हा मार्ग मोकळा नाही. अशा पेढीने कायद्याच्या हक्काचीच कास धरली पाहिजे.

पट्टा कोणत्या रीतीने संपला यावरही बरेच अवलंबून आहे. मुदत संपल्याने पट्टा संपला असेल तर स्थिती सर्वांत भक्कम. महिनेवारी भाडेकरूस कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस देऊन, किंवा शेती अथवा कारखान्यासाठी दिलेल्या पट्ट्यात सहा महिन्यांची नोटीस देऊन भाडेकरार संपवला असेल, तर तो अधिकारही करार नसताना कायदाच देतो, तेव्हा तेथेही अडचण नसावी. तीच नोटीस करारात ठरलेल्या वेगळ्या कालावधीची असेल, तर प्रतिवादी करारजन्य हक्काचा मुद्दा काढील. त्यावर उत्तर असे की, पट्टा संपवण्याची रीत करारातली असली तरी तो संपल्यावर कब्जा परत देण्याचे दायित्व कलम १०८ चेच आहे. खरी अडचण अटभंगामुळे होणाऱ्या पट्टाजप्तीची आहे. कलम १११ च्या खंड (जी) प्रमाणे पट्टेदाराने स्पष्ट अट मोडली आणि अट मोडल्यास मालकाला पुन्हा कब्जा घेता येईल असे पट्ट्यातच लिहिलेले असेल, तरच पट्टा जप्त होतो. येथे कायद्याचे कलम असले तरी हक्काचा प्राण करारातील अटीत आणि पुनःप्रवेशाच्या राखून ठेवलेल्या अधिकारात आहे. मुदत अजून शिल्लक असताना निव्वळ अटभंगावर कब्जा मागणाऱ्या नोंदणी नसलेल्या पेढीने आधी नोंदणी करावी आणि मग दावा लावावा, हेच योग्य होय.

महाराष्ट्रात प्रश्नाला आणखी एक पदर आहे, कारण येथील बहुसंख्य भाडेकरू महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या छत्राखाली आहेत. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या या अधिनियमाने मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा, विदर्भातील १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश आणि मराठवाड्यातील हैदराबादचा १९५४ चा कायदा यांची जागा घेतली. त्याच्या कलम १६ मध्ये कब्जा परत मागण्याची कारणे दिली आहेत : मालकाची रास्त व प्रामाणिक गरज, पोटभाडेकरू ठेवणे, परवानगीशिवाय पक्के बांधकाम करणे, सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा न वापरणे इत्यादी. ही कारणे कायद्याने निर्माण केलेली आहेत. पट्ट्यात काहीही लिहिले असले तरी यांपैकी एखादे कारण सिद्ध झाल्याशिवाय कब्जा मिळत नाही, आणि कारण सिद्ध झाले तर करारात त्याचा उल्लेख नसला तरी मिळतो. १९७९ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने व्ही. धनपाल चेट्टियार विरुद्ध यशोदाई अम्मल या प्रकरणात सांगितले होते की, भाडे कायद्याखाली कब्जा मागताना कलम १०६ ची नोटीस देऊन करारजन्य भाडेकरार आधी संपवण्याची गरज नाही, कारण भाडेकरूला घालवण्याचा हक्क आणि त्याला मिळणारे संरक्षण या दोहोंचे नियमन भाडे कायदाच करतो. हा निर्णय भागीदारीविषयी नव्हता, तरी त्यातील विचार येथे थेट उपयोगी पडतो. भाडे कायद्यातील दावा करारापासून इतका अलग झालेला असेल, तर त्याला करारातून उत्पन्न होणाऱ्या हक्काचा दावा म्हणणे अवघड आहे. शिवाय या अधिनियमातील घरमालकाची व्याख्या भाडे घेणाऱ्या किंवा घेण्यास हक्कदार असलेल्या व्यक्तीपुरती व्यापक आहे. तिच्यात भागीदारीच्या नोंदणीची अट कोठेही नाही.

एक कारण मात्र नाजूक आहे, आणि ते म्हणजे थकबाकी. कलम १५ प्रमाणे थकलेल्या भाड्याची लेखी नोटीस दिल्यानंतर नव्वद दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. आणि दाव्याचे समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने थकबाकी, तीवर दरसाल दर शेकडा पंधरा टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला तर कब्जाचा हुकूमनामा होत नाही. भाडे हे करारजन्य देणे आहे, मग ते थकल्याच्या कारणावर मागितलेला कब्जा करारजन्य ठरतो का? तसे मानू नये, असे प्रस्तुत लेखाचे मत आहे. येथे थकबाकी ही कायद्याने घातलेली एक शर्त आहे. भाडेकरूला मिळणारे संरक्षण भाडे भरण्याच्या तयारीवर अवलंबून ठेवले आहे आणि ती तयारी न दाखवल्यास संरक्षण सुटते. मालक या मार्गाने कब्जा मागतो तेव्हा तो भाडे वसुलीचा हक्क बजावत नसतो.

भाडे नियंत्रणाच्या बाहेर असलेल्या भाडेकरूंना, उदाहरणार्थ एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना आणि बँकांना, १९९९ चा अधिनियम कलम ३ प्रमाणे लागू नाही. तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आणि पर्यायाने रॅप्टाकोसचे सूत्र सरळ लागू होते. लिव्ह अँड लायसन्स करारावर निवासासाठी दिलेल्या जागेची मुदत संपल्यावर १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. हा अर्ज दावा नसला तरी कलम ६९ च्या पोटकलम (३) मधील ‘इतर कार्यवाही’ या शब्दांचा अर्थ जगदीशचंद्र गुप्ता विरुद्ध कजारिया ट्रेडर्स या १९६४ च्या निर्णयाने व्यापक केलेला असल्याने, मंच बदलला म्हणून प्रतिबंध टळतो असे समजू नये. परवानाधारकाला घालवण्याचा हक्क कलम २४ नेच दिलेला आहे, हे उत्तर तेथे अधिक भरवशाचे. गोव्यात १९६८ चा भाडे कायदा आणि त्याखालील नियंत्रक आहेत, त्यांच्यासमोरही विचार याच पद्धतीने करावा लागेल.

कब्जा मिळाला तरी पैशांचे काय, हा प्रश्न उरतो, आणि येथे नोंदणी न केल्याची किंमत खरोखर मोजावी लागते. पट्टा चालू असतानाचे थकलेले भाडे हे करारातून उत्पन्न झालेले देणे असल्याने त्याच्या वसुलीचा दावा कलम ६९(२) मध्ये सापडतो. पट्टा संपल्यानंतरच्या काळासाठी मागितली जाणारी भरपाई वेगळी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २ मध्ये तिची व्याख्या आहे : बेकायदेशीर कब्जा असणाऱ्याने मालमत्तेतून प्रत्यक्ष मिळवलेले किंवा साधारण दक्षता घेतली असती तर त्याला मिळाले असते असे उत्पन्न. कायद्याच्या मराठीत तिला अंतःकालीन लाभ म्हणतात. हे देणे चुकीच्या कब्जातून निघते, करारातून नव्हे, म्हणून नोंदणी नसलेल्या पेढीला ते मागता येते. भाडे कायद्याच्या संरक्षणाखालील भाडेकरूच्या बाबतीत मात्र कब्जा बेकायदेशीर होण्याची वेळ उशिरा येते. आत्माराम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या २००४ च्या निर्णयाप्रमाणे कब्जाचा हुकूमनामा झाल्यापासून बाजारभावाने भरपाई आकारता येते. भाडेकरूने अनामत रकमेसाठी दावा लावला, तर पेढीला बचाव करता येतो, कारण कलम ६९ प्रतिवादीचे तोंड बंद करत नाही. पण थकलेल्या भाड्याची वजावट न्यायालयात मागणे पोटकलम (३) मुळे अडते. न्यायालयाबाहेर हिशेब करून भाडे अनामतीतून वळते केलेले असेल तर ते मात्र वैध राहते, कारण हक्क जिवंतच असतो.

दावा कोणाच्या नावाने लावावा, याविषयी व्यवहारात बराच गोंधळ आढळतो. भागीदारी ही कंपनीसारखी स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३० मुळे भागीदारांना पेढीच्या नावाने दावा लावता येतो, एवढेच. म्हणून पेढी अडत असेल तर सर्व भागीदारांनी आपापल्या नावाने सहमालक म्हणून दावा लावावा, असा सल्ला दिला जातो आणि त्यासाठी सहमालकांपैकी एकालाही भाडेकरूविरुद्ध कब्जाचा दावा लावता येतो हे सांगणारा श्रीराम पसरिचा विरुद्ध जगन्नाथ हा १९७६ चा निर्णय पुढे केला जातो. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. मिळकत पेढीच्या पैशांतून, पेढीसाठी घेतलेली असेल तर भागीदारी अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे ती पेढीची मालमत्ता होते, आणि १९६६ च्या अडांकी नारायणप्पा प्रकरणातील निर्णयाप्रमाणे पेढी चालू असेतो कोणत्याही भागीदाराला तिचा अमुक हिस्सा माझा असे म्हणता येत नाही. अशा मिळकतीसाठी भागीदारांनी स्वतःच्या नावाने लावलेला दावा पेढीच्या वतीनेच लावलेला असतो, आणि कलम ६९(२) मधील ‘वतीने’ हा शब्द तो पकडतो. उलट, खरेदीखत आणि मिळकत पत्रिकेवर भावांची वैयक्तिक नावे असतील, पैसा त्यांचा असेल आणि पेढी त्या जागेचे फक्त भाडे गोळा करत असेल, तर मालक म्हणून त्यांच्या दाव्याला कलम ६९ शिवतही नाही. म्हणून वादपत्र लिहिण्यापूर्वी खरेदीखत, मिळकत पत्रिका, पेढीचा ताळेबंद आणि भाडेपावत्या एकत्र ठेवून वाचल्या पाहिजेत. त्यांत विसंगती असेल तर प्रतिवादी ती उलटतपासणीत काढणारच.

पेढी विसर्जित झालेली असेल तर चित्र बदलते. पोटकलम (३) विसर्जित पेढीची मालमत्ता हस्तगत करण्याचा अधिकार प्रतिबंधातून वगळते. दोघांच्याच भागीदारीत एकाचा मृत्यू झाला की भागीदारी उरत नाही, कारण एकट्याची भागीदारी संभवत नाही. तेव्हा हयात भागीदार आणि मृताचे वारस या अपवादाचा आधार घेऊ शकतात. महाराष्ट्रात हा आधार बराच काळ डळमळीत होता. १९८४ च्या राज्य दुरुस्तीने पोटकलम (२ए) घालून विसर्जन, विसर्जित पेढीचे हिशेब आणि तिची मालमत्ता यांविषयीच्या भागीदारांच्या दाव्यांनाही नोंदणीची अट लावली होती. २००९ मध्ये व्ही. सुब्रमण्यम विरुद्ध राजेश रघुवंद्र राव या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद १४, १९(१)(छ) आणि ३००क यांचा भंग करणारी म्हणून रद्द केली. नोंदणी न करणाऱ्याचा व्यापारी उपाय अडवणे एक आणि त्याला त्याच्या मालमत्तेपासून तोडणे दुसरे, हा त्या निर्णयातील भेद भाडेकरूच्या प्रश्नालाही प्रकाश देतो. नोंदणी झाली नाही म्हणून मुदत संपलेल्या भाडेकरूने जागा कायमची दाबून बसावे, असा अर्थ काढणे कलमाच्या हेतूशी आणि न्यायाशी विसंगत आहे.

प्रत्यक्ष दाव्यात आक्षेप येतो तो बहुधा आदेश ७ नियम ११ खाली, म्हणजे वादपत्र कायद्याने प्रतिबंधित दिसत असल्याने ते सुरुवातीलाच फेटाळावे या अर्जाने. या अर्जावर न्यायालय फक्त वादपत्र आणि त्यासोबतचे कागद पाहते, कैफियत पाहत नाही. सेजल ग्लास विरुद्ध नवीलन मर्चंट्स या २०१७ च्या निर्णयाप्रमाणे वादपत्राचा एक तुकडा फेटाळून दुसरा ठेवता येत नाही. म्हणून कब्जाच्या मागणीबरोबर थकलेल्या भाड्याची मागणी जोडलेली असली, तरी कब्जाची मागणी कायद्यावर उभी असेल तर संपूर्ण वादपत्र नाकारता येणार नाही. भाड्याचा प्रश्न अंतिम निर्णयात सुटेल. वादपत्र निव्वळ अटीवरच उभे असेल, तर आदेश २३ नियम १ खाली नवा दावा लावण्याची परवानगी घेऊन तो मागे घेणे, निबंधकाकडे सर्व विद्यमान भागीदारांसह नोंदणी पूर्ण करणे आणि मग नव्याने दावा लावणे हा मार्ग उरतो. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ६७ प्रमाणे भाडेकरूकडून कब्जा मागण्यासाठी भाडेकरार संपल्यापासून बारा वर्षांची मुदत असल्याने या फेऱ्यात कब्जाचा हक्क सहसा बुडत नाही. भाड्याच्या वसुलीला मात्र अनुच्छेद ५२ प्रमाणे तीनच वर्षे मिळतात, आणि नोंदणी लांबवणाऱ्या पेढीचे महिन्यामागून महिन्याचे भाडे त्या तीन वर्षांच्या बाहेर जात राहते.